२००० सीसीची रेघ

१६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात २००० सीसी व त्याहून मोठ्या डिझेल इंजिनाच्या खासगी मोटारी आणि एसयूव्ही यांची नवी नोंदणी थांबवली. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, न्या. ए. के. सिक्री आणि न्या. आर. भानुमती यांच्या पीठाने हा आदेश दिला तो एम. सी. मेहता यांच्या १९८५ पासून चालत आलेल्या प्रदूषणाच्या खटल्यात. हिंडन नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले गाझियाबाद उत्तर प्रदेशात असले तरी राजधानी क्षेत्राच्या हद्दीत मोडते. त्यामुळे 'यूपी-१४' मालिकेचे क्रमांक देणाऱ्या तिथल्या परिवहन कार्यालयालाही आदेश लागू झाला. गाझियाबादहून महामार्गाने पूर्वेला पुढे गेल्यावर लागणारे मुरादाबाद मात्र क्षेत्राबाहेर. एकाच कारखान्यातून निघालेली एकाच रंगाची स्कॉर्पिओ मुरादाबादेत नोंदवता येत होती, गाझियाबादेत येत नव्हती.

दिल्लीच्या हिवाळ्यातली हवा तेव्हा श्वास घेण्याजोगी उरली नव्हती आणि न्यायालयाला काहीतरी तातडीने करणे भाग होते. आदेशामागचा तर्क असा होता : एसयूव्ही आणि २००० सीसीवरच्या डिझेल गाड्या सहसा सधन वर्ग वापरतो, इंजिन मोठे असल्याने त्या प्रदूषणही जास्त करतात, तेव्हा त्या बंद केल्याने सामान्य माणसाचे काही अडणार नाही. आधी ही बंदी ३१ मार्च २०१६ पर्यंतच होती; पुढे मुदत वाढत जाऊन ती जवळजवळ आठ महिने टिकली. मोटारीच्या पत्रकातल्या तीन आकड्यांपैकी, म्हणजे सीसी, टॉर्क आणि अश्वशक्ती यांपैकी, न्यायालयाने सीसी निवडला होता. या आठ महिन्यांत जे घडले ते समजायला तिन्ही आकड्यांचे आपसातले नाते आधी पाहावे लागते.

सीसी हे निव्वळ भांड्याचे माप आहे. त्यात किती आणि काय शिजते हे त्यावरून कळत नाही. सिलिंडरमध्ये पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत जाताना जेवढी जागा व्यापतो तिचे घनफळ काढायचे, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे, की सीसी मिळतो. त्यात किती हवा कोंबली, किती इंधन फवारले, ज्वलन किती दाबाखाली झाले, इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारते, यातले काहीही त्या आकड्यात नाही.

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. पंक्चर झालेले चाक काढताना नट हलत नसला की मेकॅनिक पान्ह्याच्या दांड्यात पाइप घालून दांडा लांब करतो. तेवढ्याच ताकदीत नट सुटतो. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला १० किलो वजन टांगले तर नटावर सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. नट गंजून बसला असेल आणि हललाच नाही, तरी टॉर्क तेवढाच राहतो. काम मात्र शून्य होते. टॉर्क आहे पण फिरणे नाही, अशी स्थिती असू शकते, आणि तेव्हा शक्तीही शून्य असते.

अश्वशक्ती ही काम किती झपाट्याने होते याची मोजणी. जेम्स वॉटला १७८० च्या दशकात आपली वाफेची इंजिने गिरणीवाल्यांना आणि मद्याच्या भट्टीवाल्यांना विकायची होती. त्यांच्याकडे घोडे होते, म्हणून त्याने इंजिनाची तुलना घोड्याशी केली आणि एका घोड्याचे काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड ठरवले. हा घोडा बराच तगडा धरला होता. दिवसभर एवढे काम ओढणारे जनावर क्वचितच सापडेल. हा ब्रिटिश घोडा ७४५.७ वॉटचा. युरोपात पुढे मेट्रिक घोडा आला, सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलणारा, ७३५.५ वॉटचा. त्यालाच पत्रकांत 'पीएस' म्हणतात. भारतातल्या कंपन्या कधी 'बीएचपी' छापतात, कधी 'पीएस'. दोघांत दीड टक्क्याहूनही कमी फरक आहे. शोरूममध्ये तीन-चार घोड्यांवरून वाद घालणाऱ्यांनी आधी घोडा कुठला ते पाहावे.

दोन्ही आकडे एकाच समीकरणाने बांधलेले आहेत. न्यूटन-मीटरमधला टॉर्क आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार करून ७१२१ ने भागले की अश्वशक्ती येते; पीएस हवी असेल तर ७०२४ ने भागायचे. पुण्याच्या टेकडीवर असलेल्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत इंजिनांची चाचणी होते, तीही याच रीतीने. इंजिन डायनॅमोमीटरला जोडतात, ते यंत्र इंजिनाला थोपवून धरते, आणि प्रत्येक वेगाला टॉर्क व फेऱ्या नोंदल्या जातात. अश्वशक्ती गुणाकाराने काढतात. 'या गाडीत टॉर्क जास्त आणि त्या गाडीत पॉवर जास्त' असे बोलताना या दोन स्वतंत्र गोष्टी वाटतात, पण दोघांमध्ये फरक असतो तो फक्त फेऱ्यांचा.

भारतीय मोटारउद्योगाला सीसीच्या रेघा नवीन नव्हत्या. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि पेट्रोलवर १२०० सीसी किंवा डिझेलवर १५०० सीसीच्या आत असलेल्या मोटारींचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. सगळे कारखाने त्या चौकटीत शिरायला धावले. मारुती स्विफ्टचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन या चौकटीत आरामात बसत होते. ते ७५ पीएस द्यायचे. तिच्याच १२०० सीसीच्या पेट्रोल इंजिनाची ताकद ८५ पीएस होती. तरी 'डिझेल खेचते' असे सगळेच म्हणत. कारण पेट्रोलचा जास्तीत जास्त टॉर्क ११३ न्यूटन-मीटर होता आणि डिझेलचा १९०, तोही २००० फेऱ्यांवर. शहरात गाडी बहुतेक वेळ त्याच फेऱ्यांच्या आसपास चालते. ८५ पीएस मिळवायला पेट्रोल इंजिन ६००० फेऱ्यांपर्यंत न्यावे लागे, आणि तिथवर रोजच्या रहदारीत कोणी जात नाही.

डिझेलचा स्वभाव असा का, याची कारणे इंजिनाच्या पोटात आहेत. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. या जादा दाबामुळे पिस्टनवर जोर जास्त पडतो. त्यावर टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा ढकलणारी चक्की. जादा हवा म्हणजे जादा इंधन जाळता येते, म्हणजे त्याच सीसीत जास्त टॉर्क. उलट डिझेलचे ज्वलन संथ असते आणि भाग जड असतात, म्हणून मोटारीचे डिझेल इंजिन साधारण साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे जात नाही. टॉर्क भरपूर, पण फेऱ्या कमी. म्हणून गुणाकार बेताचाच राहतो.

राजधानी क्षेत्रातल्या आदेशाचा मोठा फटका ज्या कंपन्यांना बसला त्यांतली एक महाराष्ट्रातली होती. महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकला बनत असे आणि एक्सयूव्ही५०० चाकणला. इंजिनांचा कारखाना कसारा घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीत. दोन्ही गाड्यांत २१७९ सीसीचे 'एमहॉक' डिझेल इंजिन होते. तेच इंजिन स्कॉर्पिओत १२० अश्वशक्ती आणि २८० न्यूटन-मीटर देत होते, एक्सयूव्हीत १४० अश्वशक्ती आणि ३३० न्यूटन-मीटर. भांडे तेच, आकडे वेगळे. २००० सीसीच्या रेघेला पहिला तडा खरे तर इथेच जात होता.

जानेवारी २०१६ मध्ये, आदेशाला दीड महिनाही उलटला नसताना, महिंद्राने राजधानी क्षेत्रासाठी १.९९ लिटरचे एमहॉक आणले. सुमारे १८० सीसी कापून इंजिन रेघेच्या आत बसवले होते. स्कॉर्पिओचे दोन्ही आकडे जसेच्या तसे राहिले. एक्सयूव्हीची अश्वशक्ती १४० च राहिली, टॉर्क ३३० वरून ३२० वर आला. हे १० न्यूटन-मीटर चालवणाऱ्याला किती जाणवले असतील? २००० फेऱ्यांवर जुने इंजिन सुमारे ९३ अश्वशक्ती देई, नवे सुमारे ९०. तीन घोड्यांचा हा फरक एसी चालू-बंद करण्याने जेवढा पडतो त्याच्या आसपासचा.

कसारा घाटात मुंबईहून येणारी भरलेली गाडी घ्या. माणसे, सामान धरून वजन २३०० किलो, वेग ताशी ६० किलोमीटर, आणि दर २० मीटरला १ मीटर चढ. नुसते वजन वर उचलायलाच सुमारे २५ अश्वशक्ती लागते. हवेचा आणि टायरचा रोध वेगळा. एक्सयूव्हीचे जुने इंजिन १६०० फेऱ्यांवरच ७४ अश्वशक्ती देत होते. म्हणून चालकाला घाटात सारखा खालचा गिअर टाकावा लागत नसे, आणि 'गाडीत दम आहे' असे तो म्हणत असे. हा दम म्हणजे कमी फेऱ्यांवर मिळणारी अश्वशक्ती, आणि ती मिळते कमी फेऱ्यांवरच्या टॉर्कमुळे. 'टॉर्क गाडी हलवतो, पॉवर वेग देते' हे मोटारशौकिनांचे आवडते वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे. ठरावीक वेगाला चाकांवर किती ओढ मिळेल हे त्या क्षणीची अश्वशक्तीच ठरवते. टॉर्क सांगतो की ती अश्वशक्ती किती कमी फेऱ्यांवर हाताशी येते.

उरलेले काम गिअर करतो. गिअर टॉर्क वाढवतो आणि त्याच प्रमाणात फेऱ्या घटवतो. गुणाकार, घर्षणाची तूट सोडली तर, बदलत नाही. याचे मोठे उदाहरण रुळांवर दिसते, आणि तेही गाझियाबादमध्येच. तिथल्या विद्युत लोको शेडमध्ये राजधानी एक्स्प्रेससारख्या गाड्या ओढणारी डब्ल्यूएपी-७ इंजिने आहेत. हे इंजिन मुळात मालगाडीच्या डब्ल्यूएजी-९ चे भावंड. मुख्य बदल गिअरच्या प्रमाणाचा. दोघांची ताकद सहा हजार अश्वशक्तीच्या वर, जवळजवळ सारखी. पण मालगाडीचे इंजिन सुरुवातीला सुमारे ४६० किलोन्यूटन ओढ देते, तर प्रवासी इंजिन सुमारे ३२३ आणि त्या बदल्यात ताशी १४० किलोमीटरपर्यंत जाते. ओढ आणि वेग यांची अदलाबदल गिअर करून देतो. अश्वशक्ती वाढवून देणारा गिअर अजून कोणी बनवलेला नाही.

बंदीच्या काळातल्या सगळ्यात बोलक्या दोन गाड्या एक्सयूव्ही आणि स्कॉर्पिओ नव्हत्या. पहिली होती बोलेरो. खेड्यापाड्यांतून, बांधकामांवरून आणि सरकारी कचेऱ्यांसमोर दिसणाऱ्या या गाडीचे इंजिन २५२३ सीसीचे, ताकद अवघी ६३ अश्वशक्ती, टॉर्क १९५ न्यूटन-मीटर. रेघेच्या हिशेबाने ती 'मोठी' गाडी ठरली आणि तिची नोंदणी बंद झाली. दुसरी होती बीएमडब्ल्यू ३२०डी. इंजिन १९९५ सीसी, ताकद १९० अश्वशक्ती, टॉर्क ४०० न्यूटन-मीटर. ती रेघेच्या आत होती. गाझियाबादचा श्रीमंत ग्राहक ती बंदीच्या काळातही नोंदवू शकत होता. सधन वर्गाला झळ आणि सामान्याला नाही, हा हेतू सीसीच्या मापाने नेमका उलटा झाला. न्यायालयाने किंमत किंवा अश्वशक्ती यांपैकी काहीही निवडले असते तरी बोलेरो सुटली असती आणि ३२०डी अडकली असती. प्रदूषण हाच निकष हवा होता तर त्याचे माप कायद्यात तयारच होते. भारत स्टेज-४ मध्ये डिझेल मोटारीला दर किलोमीटरला ०.०२५ ग्रॅम कण आणि ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड अशी मर्यादा होती, आणि ती सीसीवर ठरत नव्हती.

टोयोटाची अडचण वेगळी होती. तिच्याकडे एसयूव्ही आणि इनोव्हासाठी २००० सीसीच्या आतले डिझेल इंजिनच नव्हते. मे २०१६ मध्ये इनोव्हा क्रिस्टा बाजारात आली ती २३९३ आणि २७५५ सीसीच्या डिझेल इंजिनांसह. त्यामुळे दिल्ली, गाझियाबाद, गुरुग्राम या बाजारात ती विकता येईना. कंपनीने मग २६९४ सीसीचे पेट्रोल इंजिन बसवले. बंदी फक्त डिझेलवर होती, तेव्हा तीनशे सीसीने मोठे पेट्रोल इंजिन चालत होते. त्याचे आकडे पत्रकात भारी दिसत : ५२०० फेऱ्यांवर १६६ पीएस, उलट लहान डिझेलचे ३४०० फेऱ्यांवर १५०. पण पेट्रोलचा जास्तीत जास्त टॉर्क ४००० फेऱ्यांवर २४५ न्यूटन-मीटर, तर डिझेलचा १४०० ते २८०० फेऱ्यांच्या पट्ट्यात सलग ३४३. २००० फेऱ्यांवर हिशेब केला तर डिझेल सुमारे ९८ पीएस देते. पेट्रोल त्या फेऱ्यांवर आपला कमाल टॉर्क देते असे गृहीत धरले तरी ७० पीएसच्या वर जात नाही. सात माणसे आणि टपावर सामान घेऊन हिंडणाऱ्या गाडीला कुठला आकडा महत्त्वाचा, हे टॅक्सीवाल्यांना समीकरणाशिवायही कळत होते. पेट्रोल क्रिस्टा ८ ऑगस्ट २०१६ रोजी आली.

चारच दिवसांनी, १२ ऑगस्ट २०१६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली. २००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांना राजधानी क्षेत्रात नोंदणीच्या वेळी शोरूम किमतीच्या एक टक्का पर्यावरण शुल्क भरावे लागेल, असे ठरले. गाझियाबादच्या परिवहन कार्यालयात जुन्या इंजिनांच्या गाड्या पुन्हा नोंदवल्या जाऊ लागल्या, आणि आठ महिन्यांसाठी कामाला आलेले १.९९ लिटरचे एमहॉक मागे पडले.

पण बंदीतून जे शिकायचे ते कारखान्यांना आधीच ठाऊक होते. सप्टेंबर २०१६ मध्ये महिंद्राने बोलेरो पॉवर प्लस आणली. लांबी ४ मीटरच्या आत, इंजिन तीन सिलिंडरांचे आणि १४९३ सीसीचे. जुन्या बोलेरोपेक्षा हजारभर सीसी कमी, ताकद ६३ ऐवजी ७० अश्वशक्ती, टॉर्क पूर्वीइतकाच १९५ न्यूटन-मीटर. ही गाडी बंदीपायी नव्हे, कराच्या रेघेपायी जन्मली होती. एप्रिल २०१८ मध्ये एक्सयूव्ही५०० च्या त्याच २१७९ सीसीच्या इंजिनातून १५५ अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन-मीटर निघू लागले. सीसी न वाढवता टॉर्क वाढवणे हे टर्बो आणि इंधन फवारणीच्या तंत्राने कधीचेच शक्य केले होते. कुठे किती वाढवायचा हे फक्त कंपनी ठरवत होती.

विजेच्या मोटारींनी या वादातला सीसी कायमचा काढून टाकला आहे. विजेच्या मोटरीचा टॉर्क गाडी उभी असतानाच कमाल असतो आणि फेऱ्या वाढत जातील तशी अश्वशक्ती वाढते. एका मर्यादेनंतर अश्वशक्ती स्थिर राहते आणि टॉर्क उतरत जातो. समीकरण तेच, फक्त आलेखाचा आकार बदललेला. कराचे कोष्टक मात्र इंजिनाच्या गाड्यांसाठी अजून भांड्याचेच माप घेते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी दरांत ४ मीटरपर्यंत लांब आणि पेट्रोलवर १२०० सीसी किंवा डिझेलवर १५०० सीसीपर्यंतच्या मोटारींना १८ टक्के कर आहे, त्यावरच्यांना ४० टक्के. २००६ चे आकडे तसेच आहेत. टॉर्क आणि अश्वशक्ती यांना त्या कोष्टकात रकाना नाही.